‘बाहुबली’ आणि बालप्रेक्षक

एखादे भव्य अद्भुतकथेचे चित्र गाजू लागले, की सुजाण पालकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: हे मुलांना दाखवावे की न दाखवावे? या प्रश्नास आपल्याकडे बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, “त्यात रक्तपात फार आहे, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल.” दुसरा पक्ष म्हणतो, “रामायण-महाभारतात रक्तपात थोडा आहे काय? आपण लहानपणी ते ऐकलेच की नाही?” दोन्ही पक्ष रक्ताचेच माप हाती घेऊन बसतात, आणि वाद जागच्या जागी फिरत राहतो. आमच्या मते हे मापच सदोष आहे. याहून बरे माप कोणते, हे एका सर्वपरिचित उदाहरणावरून दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ते उदाहरण एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’चे. या कथेचा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी प्रकाशित झाला. पहिल्या भागास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मूळ कृती तेलुगू. हिंदी रूपाने ती महाराष्ट्रात सर्वत्र पोचली, आणि २०२१ साली ‘शेमारू मराठीबाणा’ या वाहिनीने तिला मराठी बोलावयास लावले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही भाग एकत्र सांधून ती पुन्हा चित्रगृहांत आली. म्हणजे जी मुले पहिल्या भागाच्या वेळी पाळण्यात होती, ती आता हे चित्र पाहावयाच्या वयाची झाली आहेत. शिवाय सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी चित्रपट पाहावयाचा म्हणजे तिकीट काढून चित्रगृहातच जावे लागते असे आता उरलेले नाही. तो घरातल्या पडद्यावर येतो, हातातल्या दूरध्वनीवरही येतो, आणि तेथे दाराशी उभा राहून वय विचारणारा कोणी नसतो. म्हणून हा प्रश्न आता मुख्यतः घराचा झाला आहे.

सरकारी प्रमाणपत्राने तो सुटेल, अशी समजूत कित्येक पालक बाळगून असतात. तिचा अगोदर विचार करू. आपल्या देशात १९५२ च्या कायद्यान्वये चित्रपटांस प्रमाणपत्रे मिळतात. आरंभी सर्वांसाठी ‘यू’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १९८३ पासून या दोहोंच्या मध्ये ‘यूए’ हा वर्ग आला. बारा वर्षांखालील मुलांनी तो चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा, असा त्याचा अर्थ. ‘बाहुबली’चे दोन्ही भाग याच वर्गात बसविले गेले. २०२३ च्या दुरुस्तीने या मधल्या वर्गाच्या ७, १३ आणि १६ वर्षे अशा तीन पायऱ्या केल्या. सुधारणा चांगली आहे. परंतु त्याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की, या पायऱ्यांची अंमलबजावणी पालकांनीच करावयाची, इतर कोणी नाही. कायद्याने येणेप्रमाणे निवाड्याचे काम पालकांच्याच पदरात परत टाकले आहे, आणि आमच्या मते ते योग्यच केले आहे. दुसऱ्या भागाच्या वेळी आपल्याकडे ‘यूए’ देण्यात आले, तर सिंगापूरच्या मंडळाने सोळा वर्षांखालील मुलांना त्याच चित्रास मज्जाव केला. दोन्ही मंडळांपुढे दृश्ये तीच आणि तलवारीही त्याच होत्या. यावरून एवढे सिद्ध होते की, प्रमाणपत्र ही सावधगिरीची सूचना आहे; तेवढ्याने निवाडा होत नाही.

मुलांवर चित्रपटाचा परिणाम अधिक का होतो, याचे विवेचन आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली केलेले आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘ए टेल ऑफ फोर सिटीज’ या छोट्या चित्रपटावरून तो खटला उद्भवला होता. निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, ही गोष्ट इकडच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, चलच्चित्र इतर कोणत्याही कलेपेक्षा भावना अधिक खोल ढवळते. मुलांची बुद्धी अपक्व असल्यामुळे ती समोरच्या खोट्याला अधिक सहज खरे मानतात, पाहिलेली कृती लक्षात ठेवतात आणि तिचे अनुकरण करू पाहतात.

यातील अनुकरणाविषयीचा भाग कोणीही मान्य करील. ‘बाहुबली’ पाहून आलेला मुलगा पट्टीची तलवार करतो आणि उशीवर वार करतो, हे कोणत्या आईने पाहिले नाही? पण मुले खोट्याला सहज खरे मानतात, या विधानास आम्ही थोडी पुरवणी जोडू इच्छितो. मुलाला खोटे कळत नाही असे नाही. ते खोट्यात शिरावयास मोठ्यांपेक्षा अधिक राजी असते, इतकेच. ते राजी आहे म्हणूनच त्याला आत नेणाऱ्याची जबाबदारी वाढते. ही जबाबदारी आपल्या चित्रकलेच्या आद्य पुरुषाने ओळखली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढले, त्यात बालकृष्णाचे काम त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले. चित्राच्या आरंभी ती मुलगी निरनिराळे भाव मुद्रेवर आणून दाखविते, आणि मग तिचा कृष्ण होतो. पुढे डोहातल्या नागाशी झुंज आहेच, भीतीही आहे. पण हा कृष्ण आपल्यासारखेच एक मूल आहे, हे बालप्रेक्षकाला आधी सांगून मगच फाळके त्याला डोहात नेतात.

भीती मुळातच मुलांना वर्ज्य आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा पोळ्याचा पाडवा नागपूर भागात घालवावा. त्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुले मिरवतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. अक्राळविक्राळ तोंडाच्या त्या प्रचंड पुतळ्या लहान मुले बापाच्या खांद्यावर बसून पाहतात, रोगराई आणि इडापीडा घेऊन जाण्याविषयी त्यांना ओरडून सांगतात, आणि शेवटी त्यांचे दहन होते. यात भय भरपूर आहे. परंतु ते चारचौघांत अनुभवावयाचे भय आहे, त्याला ठरलेला शेवट आहे, आणि मुलाच्या दोन्ही पायांना बापाच्या हातांचा आधार आहे. अशा भयाने मूल बिघडत नाही. उलट थोडे धीट होते. तेव्हा राक्षस दिसतो, युद्ध दिसते, एवढ्यावरून चित्र टाकाऊ ठरविणे आम्हांस मान्य नाही.

मग माप कोणते? ते शोधण्यासाठी आम्ही वाचकांस सावनेरलाच घेऊन येतो. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्यांचे ‘एकच प्याला’ त्यानंतर, त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या नाटकात युद्ध नाही आणि सैन्यही नाही. पण दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून त्याचेच तान्हे मूल मरते, आणि त्याच घावांनी मरणोन्मुख झालेली सिंधू नवऱ्याला वाचविण्यासाठी पोलिसांपुढे खोटे सांगते. महाराष्ट्रातील घरेच्या घरे, लहान मुलांसह, हे नाटक पाहत आली. एका बालकाच्या मरणाचे असे दृश्य पाहून मुले क्रूर झाली, असा आरोप या नाटकावर कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचे कारण उघड आहे. त्या मरणाला वजन आहे. ते झाल्यावर नाटक पूर्ववत चालत नाही, नाटकातील कोणीही पूर्वीसारखा राहत नाही, आणि प्रेक्षागृहात टाळी पडत नाही.

आमचे माप ते हेच. चित्रात किती माणसे मरतात, हे न मोजता जे मरतात त्यांच्या मरणाला त्या चित्रात किंमत आहे की नाही, हे पाहावे. आणि ही किंमत ओळखण्याची सोपी खूण अशी: ते मरण पाहून मूल ‘का?’ असे विचारते काय?

या मापाने ‘बाहुबली’ मोजू गेल्यास प्रथम त्याच्या पदरात मोठे पुण्य पडते, हे निःसंकोच कबूल केले पाहिजे. पहिला भाग संपतो तेव्हा राजनिष्ठ सेवक कटप्पा आपल्या लाडक्या अमरेंद्र बाहुबलीच्या पाठीत तलवार खुपसतो. ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न पुढली जवळजवळ दोन वर्षे देशभर लहानथोरांच्या तोंडी होता. त्याचे विनोद झाले, जाहिराती झाल्या, हे खरे. तथापि विनोद बाजूला सारून पाहिले, तर एका माणसाच्या मरणाचे कारण जाणून घेण्यासाठी आपली मुले दोन वर्षे थांबली, ही गोष्ट लहान नव्हे. आणि दुसऱ्या भागात मिळणारे उत्तरही मुलाच्या विचाराला खाद्य देणारे आहे. कटप्पा सिंहासनाचा पिढीजात दास आहे. राजमाता शिवगामीची आज्ञा तो मोडू शकत नाही. तो रडत रडत घात करतो. आज्ञापालन हा नेहमीच सद्गुण असतो काय, हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे इतक्या स्पष्टपणे मांडणारे दुसरे लोकप्रिय चित्र आम्हांस चटकन आठवत नाही.

पहिल्या भागातील कालकेयांच्या युद्धातही असाच एक प्रसंग आहे. शत्रू माहिष्मतीच्याच निरपराध प्रजाजनांना बांधून आपल्या पुढे ढाल म्हणून उभे करतो. भल्लाळदेव त्या माणसांना तुडवीत, कापीत पुढे जातो. बाहुबली मात्र दोरांचे फास फेकवून त्यांना खाली पाडतो आणि वाचवितो. त्यात त्याचा वेळ जातो, आणि शत्रूच्या नायकाला मारण्याचा मान भल्लाळदेवास मिळतो. तरीही शिवगामी राज्य बाहुबलीलाच देते. शंभर शत्रूंना मारणारा वीर होतो, पण आपली माणसे वाचविणारा राजा होतो, असा तिच्या निर्णयाचा अर्थ. येथे या चित्राने आमचेच माप हाती घेतले आहे. हे प्रसंग मुलांनी अवश्य पाहावेत.

परंतु ज्या चित्राला हे माप ठाऊक आहे, तेच चित्र पदोपदी ते खाली ठेवते, ही आमची खरी तक्रार आहे. त्याच युद्धात मरणाऱ्या कालकेयांकडे पाहा. काळी कुळकुळीत त्वचा, किळसवाणे दात, आणि कोणालाच न कळणारी भाषा, एवढ्या सामग्रीवर त्यांना माणसांतून उठविले आहे. ती ‘किलिकी’ भाषा मदन कार्की यांनी परिश्रमपूर्वक, शब्द आणि व्याकरण रचून तयार केली. कारागिरी म्हणून ती नवलाईची आहे. पण मुलांपर्यंत काय पोचते? जो काळा आहे आणि ज्याची बोली आपल्याला हास्यास्पद वाटते, त्याला मारताना हळहळावयाचे कारण नाही, हेच पोचते. महाभारतात कालकेय हे दानव आहेत. पडद्यावर मात्र ते दानव न राहता माणसांची एक जमात झाले आहेत. सावनेरच्या बाजारात मराठी आणि हिंदी एकत्र नांदतात, आणि सातपुड्याच्या कुशीत शिरले की गोंडी कानावर येते. अशा मुलुखात वाढणाऱ्या मुलांस परकी बोली हे शत्रुत्वाचे लक्षण म्हणून दाखविणे आम्हांस रक्तापेक्षा अधिक अपायकारक वाटते. कारण रक्त पाहून मूल दचकते, आणि ही बोली ऐकून ते हसते.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि पालकांच्या नजरेतून ती बहुधा निसटते. पहिल्या भागात नायक शिवडू अवंतिकेच्या नकळत तिच्या हातावर चित्र रेखतो. पुढे ती शस्त्र घेऊन अंगावर आली असता तिचा विरोध न जुमानता तो तिची वेशभूषा उतरवितो आणि बदलतो, आणि हे सारे गीत-संगीतात प्रणय म्हणून दाखविले आहे. चित्र नवे असतानाच यावर जाहीर टीका झाली होती, आणि ती रास्त होती. आता दुसरा भाग पाहा. तेथे देवळाच्या दारी स्त्रियांच्या अंगाला हात लावणाऱ्या सेतुपतीची बोटे देवसेना छाटते. भर दरबारात बाहुबली तिला सांगतो की, अशा नराधमाची बोटे छाटणे ही चूक, त्याचे शीरच छाटावयास हवे. आणि तेथल्या तेथे तो तसे करतो. चित्रगृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. स्त्रीच्या अंगाला तिच्या इच्छेविरुद्ध हात लावणे हा दुष्टाच्या बाबतीत शिरच्छेदाचा गुन्हा, आणि नायकाच्या बाबतीत प्रेमाचा आरंभ! एकाच कथेत मुलांसमोर ही दोन मापे ठेवली आहेत. त्यातून मुलगा काय शिकेल, आणि त्याच्या शेजारी बसलेली त्याची बहीण काय शिकेल, याचा विचार प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने केला असो वा नसो, आईबापांनी केलाच पाहिजे. २०२५ च्या एकत्र आवृत्तीत दिग्दर्शकाने अवंतिकेचे प्रेमप्रकरण गाळले. ते लांबी आटोपण्यासाठी गाळले. तरी बालप्रेक्षकांचा त्यात लाभच झाला, आणि कथेचे काही बिघडले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

शिरच्छेदाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. सेतुपतीचे शीर उडते तेव्हा त्याची चौकशी पुरी झालेली नसते. दरबार हे न्यायाचे स्थान असूनही तेथे न्याय तलवारच करते. पहिल्या भागात भल्लाळदेवाचा मुलगा भद्र याचेही मस्तक असेच उडते. ही दोन मरणे पाहून कोणते मूल ‘का?’ असे विचारते? कोणतेच नाही. उत्तर आधीच टाळीने दिलेले असते. प्रश्न विचारावयास जागाच न ठेवणारे मरण मुलाला दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पाहून मूल घाबरत नाही, हीच काळजीची बाब होय.

येथे पुराणांचा आधार घेणारे म्हणतील, “नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले, भीमाने दुःशासनाची छाती फोडली, ते काय?” उत्तर असे की, ती कथा आजी सांगते, कीर्तनकार सांगतो. सांगणारा मुलाच्या तोंडाकडे पाहून आवाज चढवितो किंवा उतरवितो, जरूर तेथे थांबतो. हिरण्यकशिपूच्या कथेत प्रह्लाद आपल्याच बापाचे मरण पाहतो, याची आठवण चांगला कथेकरी करून देतो. दुःशासनवधाचा शेवट कुरुक्षेत्रावरच्या विधवांच्या आक्रोशात होतो, हेही तो विसरू देत नाही. पडद्यावरचे चित्र मुलाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि त्याच्यासाठी थांबतही नाही. ही उणीव शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याने भरून काढावयाची असते.

मराठी रूपाच्या बाबतीत तर या वडीलधाऱ्याचे काम आणखी वाढते. मराठीत बाहुबलीला डॉ. अमोल कोल्हे यांचा आवाज लाभला आहे. हाच आवाज आपल्या मुलांनी दूरचित्रवाणीवर शिवछत्रपतींच्या आणि संभाजी महाराजांच्या मुखी ऐकलेला आहे. आवाज भारदस्त आहे, भाषांतराला शोभा आणणारा आहे. त्यात नटाचा काही दोष नाही. पण तोच आवाज ऐकून काल्पनिक राजाला इतिहासातील राजाचा विश्वास आपोआप मिळतो. त्यातून माहिष्मती हे नावही खरे. नर्मदाकाठी त्या नावाची प्राचीन नगरी होती, आणि अहिल्याबाईंचे महेश्वर तेच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा खरे नगर कोणते आणि रचलेले कोणते, महाराज कोण आणि कल्पनेतला वीर कोण, हे मुलाला सांगितलेच पाहिजे. सांगितल्याने चित्राची गोडी कमी होत नाही. फाळक्यांच्या प्रेक्षकांची झाली नव्हती.

आता आमचा निवाडा. सात-आठ वर्षांखालील मुलांस हे चित्र दाखवू नये. त्यातील चांगले जे आहे ते त्या वयात कळावयाचे नाही, आणि वाईट तेवढे अंगी लागेल. आठ ते बारा वर्षांच्या मुलांनी ते घरातील मोठ्या माणसांबरोबर पाहावे, शक्य तर २०२५ च्या आवृत्तीत पाहावे. दरबारातील शिरच्छेदाच्या प्रसंगी बरोबरच्या मोठ्या माणसाने टाळी वाजवू नये. मूल आधी त्याच्याकडे पाहते, मग पडद्याकडे. बारा वर्षांवरील मुलांनी खुशाल पाहावे. मात्र पाहून झाल्यावर त्यांना कटप्पाविषयी विचारावे, आणि कालकेयांविषयीही विचारावे. कटप्पाविषयी ती तासभर बोलतील. कालकेयांविषयी विचारताच ती गप्प झाली, तर त्या मरणांचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असे समजावे. तो विचार त्यांच्या मनात उभा करणे हे आईबापांचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणाकडे सोपविता येत नाही.